घाटासाठी गाडी : टर्बो की एनए?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मी ३८ वर्षांचा असून कोथरूडला राहतो. गेली ११ वर्षे १.५ लिटरची साधी पेट्रोल सेडान चालवत आहे आणि ती आता बदलायची आहे. महिन्यातून एकदा आई, पत्नी आणि मुलगी यांच्यासह ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगडमार्गे दापोलीकडे गावी जातो. त्याशिवाय अधूनमधून रविवारी पहाटे एकटाच ताम्हिणीपर्यंत जाऊन येतो, तेही केवळ गाडी चालवण्याच्या आनंदासाठी. मला मॅन्युअल गिअरच हवा आहे. निवड होंडा सिटी १.५ आणि फोक्सवॅगन व्हर्टस १.० टर्बो या दोघींवर येऊन थांबली आहे. मित्रांच्या मते टर्बो नसलेले इंजिन आता कालबाह्य झाले आहे. शिवाय आईला घाटात गाडी लागते. मी कोणती गाडी घ्यावी?

उत्तर :

तुमच्या वापरासाठी मी होंडा सिटी सुचवेन. मात्र तुमचे मित्र सांगतात त्यातही बरेच तथ्य आहे, आणि ते नीट समजून न घेता ही गाडी घेतलीत, तर पहिल्याच दापोलीच्या फेरीत आंबेतच्या पुढे तुम्हाला माझा राग येईल. म्हणून आधी टर्बोची बाजू मांडतो.

दोन्ही कंपन्यांचे आकडे पाहा. सिटीचे इंजिन नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे टर्बो नसलेले, आपल्या बोलीत एनए आहे; ते ६६०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) १२१ पीएस शक्ती आणि ४३०० आरपीएमला १४५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. व्हर्टसचे तीन सिलिंडरचे इंजिन ११५ पीएसचे आहे, पण त्याचा १७८ न्यूटन मीटर टॉर्क १७५० पासून ४५०० आरपीएमपर्यंत सलग मिळतो. माहितीपत्रकातल्या शक्तीच्या आकड्यावरून दोन्ही गाड्या सारख्याच वाटतात आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. टॉर्कला आरपीएमने गुणून शक्ती काढली, तर ४३०० आरपीएमला व्हर्टस सुमारे १०९ पीएस देत असते, तेव्हा सिटी ८९ पीएसच्या आसपास असते. म्हणजे ज्या टप्प्यात आपण रोज गाडी चालवतो, तिथे टर्बो गाडीकडे जवळपास सगळी शक्ती हाती आलेली असते. सिटीला तीच शक्ती मिळवायची तर इंजिन साडेपाच हजारांच्या आसपास न्यावे लागते, आणि घरची मंडळी गाडीत असताना तेवढी रेस द्यायला आपला पाय सहसा धजावत नाही.

हा टॉर्क येतो कुठून, तेही थोडक्यात सांगतो. एनए इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढ्यावरच चालते. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे निघालेल्या तापलेल्या वायूंवर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते, आणि दाबल्यामुळे तापलेली हवा वाटेत इंटरकूलरमध्ये थंड केली जाते. छोट्या गाडीच्या टर्बोचा हा दांडा मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले, पण तिचा खरा कस लागला तो उंचीवर. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने विमानाचे एक इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंचीच्या डोंगरावर नेऊन चालवले, आणि विरळ हवेत गमावलेली शक्ती टर्बोमुळे परत मिळते हे दाखवून दिले.

उंचीचा हा मुद्दा आपल्याकडेही लागू पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे सिटीच्या १२१ पीएसपैकी सहा-सात टक्के कोथरूडमध्येच वजा होतात. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, जवळपास सातवा हिस्सा गेलेला असतो आणि हाती १०४ पीएसच्या आसपास उरतात. टर्बो इंजिनाचा संगणक मात्र चक्राला थोडे अधिक फिरवून ही तूट बरीचशी भरून काढतो. तुम्ही दरवर्षी लडाखला जाणारे असता, तर माझे उत्तर एका ओळीत संपले असते आणि ते टर्बोच्या बाजूने असते.

परंतु तुमचा रस्ता ताम्हिणीचा आहे, आणि तिथे प्रश्न एकूण शक्तीचा राहत नाही. पायाने जेवढे मागितले तेवढेच आणि मागितले त्याच क्षणी इंजिन देते का, हा तिथला खरा प्रश्न आहे. मोकळ्या घाटरस्त्यावर गाडी चालवण्यात जी गोडी आहे, ती माझ्या मते सारी या एका गोष्टीत आहे. वळणात शिरताना ब्रेक सोडला, मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर केसभर दाबून गाडीचा तोल धरून ठेवला, आणि पुढचा रस्ता दिसू लागला की स्टिअरिंग जितके सरळ होत जाईल तितका पाय खाली जाऊ दिला, की गाडी आणि माणूस यांच्यात काही अंतरच उरत नाही. चांगल्या एनए इंजिनात पायाची हालचाल आणि गाडीचा जोर यांचे नाते पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तेच राहते.

टर्बोमध्ये या नात्यात दोन अडथळे येतात, आणि लोक त्या दोघांनाही सरसकट ‘लॅग’ म्हणून मोकळे होतात. पहिला अडथळा उंबरठ्याचा. ठरावीक आरपीएमच्या खाली सायलेन्सरकडे जाणारा वायूच इतका कमी असतो की चक्र पुरेसा दाब देऊ शकत नाही, आणि तेवढ्यापुरती ती गाडी केवळ एक लिटरची एनए गाडी होऊन बसते. दुसरा अडथळा खऱ्या विलंबाचा. आरपीएम पुरेसे असले, तरी पाय उचलून पुन्हा दाबला की चक्राला वेग घ्यायला आणि नळ्यांमध्ये दाब साठायला क्षणभर लागतो. आजच्या छोट्या, हलक्या चक्रांमुळे हा दुसरा अडथळा खूपच कमी झाला आहे, आणि हमरस्त्यावर तो तुम्हाला जाणवणारही नाही. पहिला अडथळा मात्र घाटात पुरता जाणवतो.

ताम्हिणीत चढणीवरच्या एखाद्या आवळ वळणावर पुढे भरलेला टेम्पो आहे आणि तुमचा वेग २० किलोमीटरच्या खाली उतरला आहे, असे समजा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन १५०० आरपीएमच्याही खाली आलेले असते. तुम्ही पाय दाबता आणि एक लिटरची टर्बो गाडी आधी काहीच करत नाही. तुम्ही आणखी दाबता, मग पावणेदोन हजारांच्या आसपास सगळा जोर एकदम येतो, आणि तोवर तुम्ही हवा त्यापेक्षा दुप्पट पाय दाबून बसलेले असता. सराव झाला की माणूस तिथे पहिला गिअर टाकायला शिकतो, किंवा हाफ क्लचवर गाडी उचलतो आणि क्लचप्लेटचे आयुष्य खातो. दीड लिटरची एनए गाडीही त्या जागी फार जोमाने निघत नाही, हे मान्य करतो. पण सिलिंडरची जागाच दीडपट असल्यामुळे ती कुरकुरत का होईना, लगेच ओढू लागते, आणि किती ओढणार हे तुम्हाला आधीपासून ठाऊक असते.

यातला धोका मी एकदा स्वतः अनुभवला आहे. जुलैतली सकाळ होती, घाटात धुके उतरले होते आणि रस्त्यावर डोंगरातून वाहून आलेली लाल माती पसरली होती. मी एका नातेवाइकाची टर्बो पेट्रोल गाडी चालवत होतो. डावीकडच्या चढत्या वळणात, चाके अजून वळलेलीच असताना, मी सवयीने अ‍ॅक्सिलरेटर निम्मा दाबला. गाडी अर्धा क्षण थांबली, मग टॉर्क एका लोटात आला, पुढची चाके जागच्या जागी फिरली आणि गाडीचे तोंड वळण सोडून रस्त्याच्या मध्याकडे सरकू लागले. ट्रॅक्शन कंट्रोलने शक्ती तोडली आणि समोरून त्या वेळी कोणी येत नव्हते, म्हणून काही झाले नाही. चूक माझीच होती. मी एनए गाडीच्या सवयीने पाय दाबला होता. पण पुढच्या चाकांनाच वळायचेही असते आणि ओढायचेही असते, त्या गाडीत ओल्या रस्त्यावर जोर टप्प्याटप्प्याने येणे किती मोलाचे असते, हे मला त्या दिवशी पुरते कळले. आपल्याकडे वर्षातले चार महिने घाट ओलाच असतो.

आता तुमच्या आईंबद्दल. हा मुद्दा तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिला आहे, मी तो वर घेतो. घाटात गाडी लागते ती वळणांमुळे, असे आपण म्हणतो. पण तीच वळणे एसटीच्या एखाद्या जाणत्या चालकाच्या हातून सुसह्य होतात आणि नवशिक्याच्या हातून पोट ढवळून काढतात. मागे बसलेल्या माणसाला सर्वाधिक त्रास होतो तो वेगातल्या अचानक बदलाचा : गाडी क्षणभर रेंगाळणे, मग झटक्याने सुटणे, मग पुन्हा ब्रेक. टर्बो गाडी सफाईने चालवता येतेच, मात्र त्यासाठी इंजिन सतत १८०० च्या वर ठेवण्याचे आणि पाय अगदी हलका राखण्याचे व्यवधान बाळगावे लागते. एनए गाडीत ही सफाई कमी कष्टात साधते.

उताराचा विचार तर शोरूममध्ये कोणी करतच नाही. ताम्हिणी उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सोडली आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिन जे धरून ठेवते, ते मुख्यतः त्याच्या आकारावर अवलंबून असते. त्या वेळी टर्बो काहीच काम करत नसतो. त्यामुळे दीड लिटरचे इंजिन एक लिटरच्या इंजिनापेक्षा गाडीला अधिक धरून ठेवते, आणि चार माणसे व आंब्याच्या पेट्या घेऊन उतरताना तेवढे ब्रेक कमी तापतात. छोटे टर्बो इंजिन घेतलेत, तर उतारावर एक गिअर आणखी खाली घ्यायची सवय लावून घ्यावी लागेल. गाडी न्यूट्रल करून सोडण्याचा तर विचारही मनात आणू नका. पेट्रोल वाचते म्हणून तसे करणारे अजूनही भेटतात, आणि खाली पोचेपर्यंत त्यांच्या ब्रेकचा जळका वास मागच्या गाडीपर्यंत येत असतो.

सिटी घेतल्यावर तुम्हाला राग कुठे येईल, तेही सांगतो. आंबेत ते मंडणगड हा रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे : चढउतार, झाडांनी झाकलेली वळणे, आणि मधेच मिळणारा दोनशे मीटरचा मोकळा पट्टा. त्या पट्ट्यात पुढच्या ट्रकला मागे टाकायचे, तर टर्बो गाडीत तिसऱ्याच गिअरमध्ये पाय दाबला की काम होते. सिटीत, चौघे बसलेले आणि एसी चालू असताना, दुसरा गिअर टाकून इंजिन पाच-साडेपाच हजारांपर्यंत न्यावे लागेल, आणि ते तसे नेले नाहीत तर गाडी अर्ध्या वाटेत दम टाकेल. समोरून येणाऱ्याच्या बाजूला घालवलेला प्रत्येक सेकंद धोक्याचा असतो, त्यामुळे इथे टर्बो अधिक सुरक्षित आहे, हे मी नि:संकोचपणे मान्य करतो. सिटीत तुम्हाला दोन-तीन पट्टे सोडून द्यावे लागतील. महिन्यातून एका फेरीसाठी तेवढा संयम मला जड वाटत नाही. पण दर शनिवारी जाणाऱ्याला कदाचित वाटेल.

‘कालबाह्य’ या शब्दाशी मात्र मी सहमत नाही. एनए इंजिने मागे पडली ती प्रामुख्याने प्रदूषण आणि इंधनखपतीच्या नियमांमुळे, आणि त्यांच्या तालमीत वाढलेल्या कंपन्यांनीही ती नाइलाजाने सोडली. होंडाच्या एस२००० या गाडीचे दोन लिटरचे इंजिन टर्बोशिवाय ९००० आरपीएमपर्यंत जात असे आणि जपानमध्ये २५० पीएस देत असे. त्याच होंडाने २०१५ मध्ये सिव्हिक टाइप आर टर्बोवर नेली. फेरारीने त्याच वर्षी ४५८ च्या जागी टर्बो असलेली ४८८ आणली. पोर्शेच्या साध्या ९११ कॅरेरा टर्बोवर गेल्या, पण केवळ चालवण्याच्या आनंदासाठी बनवलेली ९११ जीटी३ कंपनीने एनएच ठेवली, तीही ९००० आरपीएमपर्यंत जाणारी. सिटीचे इंजिन त्या पंक्तीतले अर्थातच नाही. तरी साडेचार हजारांच्या पुढे त्याचा आवाज बदलतो आणि ते आपण होऊन वर धावू लागते, तेव्हा रिकाम्या घाटात पहाटे सहा वाजता दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जातानाचे सुख मला कोणत्याही छोट्या टर्बोने आजवर दिलेले नाही. ते सुख मिळते तेव्हा वेग फार नसतो, हा आपल्या रस्त्यांवर मोठाच फायदा आहे. दिसणाऱ्या अंतरात थांबता आले पाहिजे आणि अरुंद जागी चढणीच्या गाडीला आधी वाट दिली पाहिजे, हे दोन नियम पाळूनही तो आनंद पुरेपूर घेता येतो.

व्हर्टसची चाचणी घेतल्यावर तुमचे मन तिच्यावरच बसले, तर मी अडवणार नाही. बांधणीने आणि वेगात स्थिर राहण्याने ती उत्तम गाडी आहे. ऐपत असेल तर मग तिचेच १.५ लिटरचे टर्बो इंजिन बघा. १५० पीएस आणि १६०० आरपीएमपासून २५० न्यूटन मीटर देणाऱ्या त्या इंजिनात उंबरठ्याखालची पोकळी बरीच बुजलेली आहे, आणि उतारावरची पकडही दीड लिटरची आहे. ते मॅन्युअल गिअरमध्ये मिळते का, हे मात्र आधी विचारून घ्या.

टर्बो कोणताही घ्या, त्याला तेलाची काळजी एनएपेक्षा जास्त लागते. पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच ऑइल घाला आणि मुदत टळू देऊ नका. थंड इंजिनाला रेस देऊ नका. काट्यावर पाणी तापलेले दिसले, तरी ऑइल तापायला आणखी वेळ लागतो. कोथरूडहून निघून चांदणी चौक ओलांडला की पिरंगुटपर्यंत निवांत जा, त्यापुढे गाडी तुमची. घाट चढून भजी-चहाला थांबणार असाल, तर शेवटचा एखादा किलोमीटर हळू चालवा, म्हणजे लालबुंद झालेल्या चक्राची उष्णता वाहत्या ऑइलबरोबर निघून जाईल. आणि वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, पाय पूर्ण दाबून गाडी ओढायला लावू नका. छोट्या टर्बो इंजिनात त्यामुळे मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकते आणि पिस्टनला इजा होऊ शकते. एक गिअर खाली घेणे केव्हाही स्वस्त पडते. मे महिन्यात, चढणीवर, कमी वेगात इंटरकूलरला वारा मिळत नाही, तेव्हा गाडी थोडी मंदावल्यासारखी वाटेल. तो बिघाड नाही, संगणक इंजिनाला सांभाळून घेत असतो. मायलेजच्या आशेने टर्बो घेऊ नका, कारण जोरात चालवल्यावर कागदावरचा फायदा उरत नाही.

शोरूमच्या आवारातल्या आणि कर्वे रस्त्यावरच्या चाचणीवरून काहीही ठरवू नका. दोन्ही गाड्या पिरंगुटच्या घाटात न्या, एसी चालू ठेवा आणि चौघे बसा. चढणीवर दुसऱ्या गिअरमध्ये वेग २० पर्यंत उतरू द्या आणि अ‍ॅक्सिलरेटर तिसऱ्या हिश्श्याइतका दाबून तिथेच धरा. गाडी पायाबरोबर निघते की मनात एक-दोन मोजून झाल्यावर, ते पाहा. मग तिसऱ्या गिअरमध्ये, एका वेगात चालू असताना, पाय किंचित उचलून पुन्हा ठेवा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडी कितपत धरली जाते तेही बघा, अर्थात मागे वाहन नसताना. या चाचणीला आईंना अवश्य न्या. त्या नेहमी बसतात त्याच जागी, मागे डावीकडे बसवा, कोणती गाडी टर्बोची आहे हे सांगू नका, आणि दोन्ही गाड्यांतून खाली उतरल्यावर आधी त्यांनाच विचारा.